लिहिताना दोन, बोलताना एक

फ्रेंच शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही तासांतच एक कोडे पडते. 'ते बोलतात' यातले 'बोलतात' हे क्रियापद फ्रेंचमध्ये लिहायचे तर सात रोमन अक्षरे लागतात : पी, ए, आर, एल, ई, एन, टी. (या लेखात अक्षरांची नावे आपल्या परिचयाची, म्हणजे इंग्रजीतलीच घेतली आहेत.) उच्चार मात्र नुसता 'पार्ल'. शेवटची तीन अक्षरे कानाला ऐकूच येत नाहीत. आता या शब्दात शब्दावयव किती? व्याकरणाचे पुस्तक सांगते, 'पार' आणि 'लेन्ट' असे दिसणारे दोन. फ्रेंच माणूस बोलत असताना मोजले तर भरतो एक.

यातले खरे कोणते? उत्तर असे की दोन्ही खरी आहेत. एक मोजणी डोळ्यांची आहे आणि दुसरी कानाची. या दोन मोजण्यांत अंतर का पडले, ते कोणत्या नियमाने पडते आणि शिकवणाऱ्याला त्याचा उपयोग काय, हे या लेखात पाहू या. फ्रेंच येत नसले तरी अडणार नाही. कारण असेच कोडे मराठीतही आहे, फक्त रोजच्या सवयीने ते आपल्या लक्षात येत नाही.

शब्दावयव म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला सिलॅबल म्हणतात त्याला आपण शब्दावयव म्हणू. एका स्वराभोवती गोळा झालेला, एका दमात उच्चारला जाणारा ध्वनींचा गट म्हणजे शब्दावयव. त्याच्या मध्यभागी स्वर असतो. मागेपुढे व्यंजने असतील किंवा नसतील. स्वराने संपणारा शब्दावयव मोकळा आणि व्यंजनाने संपणारा तो बंद. 'का' मोकळा, 'काम' बंद.

'काम' हा एकच शब्दावयव कसा, असे कोणी विचारील. लिहिताना 'का' आणि 'म' अशी दोन अक्षरे आहेत खरी. पण आपण 'काम्' असे म्हणतो. शेवटच्या 'म'मधला अ लिपीत आहे, तोंडात नाही. 'करतो' हा शब्द घ्या. लेखनात तीन अक्षरे, बोलण्यात 'कर्-तो' असे दोनच शब्दावयव. म्हणजे लिपीतले अक्षर आणि उच्चारातला शब्दावयव या एकच गोष्टी नव्हेत. एवढे ध्यानात ठेवून आता फ्रेंचकडे वळू.

सहा रूपे, तीन उच्चार

'पार्ले' म्हणजे बोलणे. या क्रियापदाची वर्तमानकाळातली रूपे अशी आहेत. मूळ अंग 'पी-ए-आर-एल' सर्वत्र सारखेच. त्यापुढे लागणारी अक्षरे आणि उच्चार तेवढा दिला आहे.

मी बोलतो : ई. उच्चार 'झ पार्ल'.
तू बोलतोस : ई-एस. उच्चार 'त्यु पार्ल'.
तो बोलतो : ई. उच्चार 'इल पार्ल'.
आम्ही बोलतो : ओ-एन-एस. उच्चार 'नू पार्लों'.
तुम्ही बोलता : ई-झेड. उच्चार 'वू पार्ले'.
ते बोलतात : ई-एन-टी. उच्चार 'इल पार्ल'.

यातला 'र' आपल्यासारखा जिभेच्या टोकाने नव्हे, तर घशात, पडजिभेजवळ उच्चारतात. 'झ पार्ल'मधला झ 'माझी'तल्या झच्या जवळचा आहे, 'माझा'तल्या झचा नव्हे. 'पार्लों'मधला अनुस्वार म्हणजे न किंवा म नव्हे. तो स्वरच नाकातून निघतो.

आता मोजून पाहा. पुरुष-वचनांप्रमाणे रूपे सहा. लिहिण्यात ती पाच, कारण 'मी' आणि 'तो' यांची रूपे सारखी. उच्चारात मात्र तीनच : पार्ल, पार्लों, पार्ले. बोलीभाषेत 'आम्ही'साठी 'नू'ऐवजी 'ओं' हे सर्वनाम सर्रास वापरतात आणि त्यापुढे 'तो'चेच रूप येते. तसे धरले तर उच्चार दोनच उरतात.

म्हणूनच फ्रेंचमध्ये सर्वनाम गाळता येत नाही. मराठीत 'बोलतोस', 'बोलतात' एवढे ऐकले तरी कर्ता कळतो, कारण शेवटचे 'स' आणि 'त' आपण उच्चारतो. फ्रेंचमध्ये ती खूण कानातून नाहीशी झाली आहे. तिचे काम पुढे उभ्या असलेल्या सर्वनामावर येऊन पडले आहे. आणि 'तो' व 'ते' यांची सर्वनामेही 'इल' अशीच ऐकू येत असल्याने 'इल पार्ल' म्हणजे तो बोलतो की ते बोलतात, हे केवळ संदर्भावरून ठरवावे लागते.

भूतकाळाच्या एका प्रकारात तर 'मी', 'तू', 'तो' आणि 'ते' या चौघांचेही रूप 'पार्-ले' असेच ऐकू येते. फक्त यातला ए जरा उघडा असतो. 'ते'च्या रूपात शेवटी ए-आय-ई-एन-टी अशी पाच अक्षरे असतात आणि त्या पाचांचा मिळून एकच स्वर होतो.

कागदावरची विभागणी

ओळीच्या शेवटी शब्द तोडण्यासाठी फ्रेंच शाळांतून आणि छापखान्यांतून काही नियम पाळले जातात. दोन स्वरांमध्ये एक व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराबरोबर जाते. दोन व्यंजने असतील तर एक मागे, एक पुढे, म्हणून 'पार-ले'. मात्र दुसरे व्यंजन ल किंवा र असून पहिल्याशी त्याची जोडी जमत असेल (ब्ल, त्र, व्र यांसारखी), तर दोघे मिळून पुढे जातात. एकाच ध्वनीसाठी लिहिलेली सी-एच किंवा जी-एन अशी जोडी फोडत नाहीत. एकच व्यंजन दोनदा लिहिले असेल तर मात्र ते कागदावर तोडतात, जरी उच्चारात ते एकदाच येत असले तरी. आणि शेवटचा मुका ई कागदावर स्वतंत्र शब्दावयव धरला जातो. म्हणून सुरुवातीचे ते रूप डोळ्यांना दोन शब्दावयवांचे.

येथे आपल्या छंदशास्त्राची आठवण होते. संयुक्त अक्षराच्या आधीचे ऱ्हस्व अक्षर गुरू मानावे, हा नियम आपण वर्गात शिकवतो. 'पत्र' हा शब्द लिपीत 'प-त्र' असा दिसतो. पण 'प' गुरू होतो तो उच्चारात 'पत्-र' अशी फोड होते म्हणून. म्हणजे आपल्या पूर्वसूरींनीही लिपीची मोजणी बाजूला ठेवून कानाची मोजणी धरली होती.

कानाची विभागणी : 'माझे नाव' सांगताना

फ्रेंच शिकणारा बहुधा सर्वांत आधी शिकतो ते वाक्य म्हणजे 'झ मापेल', माझे नाव अमुक. शब्दशः अर्थ 'मी स्वतःला अमुक म्हणतो'. यातले क्रियापद 'आप्ले', म्हणजे हाक मारणे. 'मी'च्या रूपात एल हे अक्षर दोनदा लिहायचे आणि 'आम्ही'च्या रूपात, 'नू नूझाप्लों' म्हणताना, एकदाच. विद्यार्थी हा अपवाद म्हणून पाठ करतात. वास्तविक यामागे साधे कारण आहे आणि ते शब्दावयवांत आहे.

फ्रेंचमध्ये आघात शब्दसमूहाच्या शेवटच्या पूर्ण शब्दावयवावर पडतो. ई या अक्षराचे दोन मुख्य उच्चार आहेत : एक स्पष्ट ए आणि दुसरा पुसट अ. पुसट अवर आघात सहसा पडू शकत नाही. 'आम्ही'च्या रूपात आघात शेवटच्या 'लों'वर जातो, त्यामुळे मधला ई पुसट होतो, इतका की बोलताना गळूनच जातो आणि 'आ-प्लों' उरते. 'मी'च्या रूपात मात्र शेवटचा ई मुका आहे. आघात मागे सरकून मधल्या ईवर येतो. तो आता पुसट राहू शकत नाही, स्पष्ट ए होतो : 'आ-पेल'.

लेखनात हे दाखवायचे कसे? कागदावर शब्दावयवाच्या शेवटी आलेला साधा ई पुसट वाचला जातो. एल एकदाच लिहिला तर तो पुढे जाणार आणि आधीचा शब्दावयव मोकळा राहणार. म्हणून एल दोनदा लिहिला. त्यातला एक मागच्या ईला चिकटतो, शब्दावयव बंद होतो आणि वाचणारा तो ई स्पष्ट वाचतो. दुसरा एल हा डोळ्यांसाठी केलेला इशारा आहे. कानाला ल एकच ऐकू येतो.

'आश्ते', म्हणजे विकत घेणे, या क्रियापदात हाच इशारा वेगळ्या रीतीने, ईच्या डोक्यावर तिरकी रेघ देऊन करतात. कोणत्या क्रियापदाला रेघ आणि कोणत्याला दुहेरी अक्षर, हे लक्षात ठेवणे खुद्द फ्रेंच मुलांनाही जड जाई. 6 डिसेंबर 1990 रोजी फ्रान्सच्या राजपत्रात लेखनसुधारणेच्या ज्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या, त्यांत या गटातील क्रियापदांना सरसकट रेघ द्यावी असे सुचवले गेले. 'आप्ले' आणि 'झते' (फेकणे) ही फार वापरातली दोन क्रियापदे व त्यांच्यापासून झालेली क्रियापदे तेवढी दुहेरी अक्षरांसह तशीच ठेवली. जुने लेखनही चुकीचे मानले जात नाही.

पुसट अ केव्हा गळतो?

भविष्यकाळाची दोन रूपे शेजारी ठेवू. 'आम्ही बोलू' आणि 'आम्ही देऊ'. कागदावर दोन्ही तीन-तीन शब्दावयवांची आणि मधला ई दोन्हींत सारखाच. तरी बोलताना पहिले 'पार्-ल-रों' असे तीनच राहते आणि दुसरे 'दोन्-रों' असे दोनांवर येते. असे का?

मोरिस ग्रामाँ या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने याला तीन व्यंजनांचा नियम म्हटले. पुसट अ गळाल्यावर तीन व्यंजने एकापुढे एक येणार असतील तर तो सहसा टिकतो. दोनच येणार असतील तर गळतो. पहिल्या रूपात र, ल, र अशी तीन व्यंजनांची गर्दी झाली असती. दुसऱ्यात न आणि र ही दोनच आहेत.

मराठी शिक्षकाला हे ओळखीचे वाटावे. 'घरकाम' म्हणताना 'र'मधला अ गळतो, 'घर्-काम' होते. 'पत्रकार' म्हणताना 'त्र'मधला अ मात्र आपण स्पष्ट उच्चारतो. तसेच 'घर'मधला शेवटचा अ ऐकू येत नाही. 'मित्र'मधला ऐकू येतो. भाषा वेगळ्या, इतिहास वेगळा. पण व्यंजनांची गर्दी टाळण्याची जिभेची गरज सारखीच.

शब्दाची सीमा ओलांडणारे शब्दावयव

फ्रेंच कानाला मोकळे शब्दावयव अधिक रुचतात. त्यामुळे शब्दाच्या शेवटचे व्यंजन पुढच्या शब्दाच्या स्वराला जाऊन मिळते. 'तो प्रेम करतो' हे 'इल' आणि 'एम' असे दोन शब्द, म्हणताना 'इ-लेम'. 'ते प्रेम करतात' यात सर्वनामाच्या शेवटी एस आहे. एरवी तो मुका. पण पुढे स्वर आला की जागा होतो आणि 'इल्-झेम' असे ऐकू येते. हा झ 'माझा'तला. म्हणजे येथे एकवचन की अनेकवचन हे क्रियापदाने नव्हे, तर दोन शब्दांच्या सांध्यातल्या एका ध्वनीने सांगितले.

प्रश्न विचारताना क्रियापद आधी आणि सर्वनाम नंतर येते. तेव्हा 'ते'च्या रूपातला मुका टीही जागा होतो : 'पार्ल्-तिल?' म्हणजे 'ते बोलतात का?' 'तो बोलतो का?' यात मूळ टी नाही. तरी दोन स्वर समोरासमोर येऊ नयेत म्हणून लिहितानाच मध्ये एक टी घालतात आणि उच्चार पुन्हा 'पार्ल्-तिल' असाच होतो.

कान खरोखरच असा तोडतो काय?

शब्दावयव ही व्याकरणकारांची सोय आहे की ऐकणाऱ्याच्या मेंदूलाही ती जाणवते? 1981 साली जाक मेलेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका साध्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. फ्रेंच भाषकांना शब्द ऐकवायचे आणि ठरवून दिलेला ध्वनिगट ऐकू येताच कळ दाबायची. 'पालास' आणि 'पाल्मिए' या दोन्ही शब्दांची सुरुवात 'पाल' याच ध्वनींनी होते. पण पहिल्याची फोड 'पा-लास', दुसऱ्याची 'पाल्-मिए'. 'पा' शोधायला सांगितले तेव्हा लोक पहिल्या शब्दात तो लवकर ओळखत. 'पाल' शोधायला सांगितले तेव्हा दुसऱ्यात. म्हणजे ध्वनी तेच, परंतु शब्दावयवाच्या सीमेशी जुळणारा तुकडा लवकर हाती लागत होता. 1986 साली अशाच रीतीने इंग्रजी भाषकांची परीक्षा घेतली तेव्हा हा फरक दिसला नाही. पुढच्या काळातील काही प्रयोगांत फ्रेंच भाषकांतही तो इतका स्वच्छ आढळला नाही. तरी आपली मातृभाषा आपल्याला ऐकायचीही एक रीत लावते, हा या संशोधनाने पुढे आणलेला विचार महत्त्वाचा ठरला.

मुकी अक्षरे आली कोठून?

फ्रेंच लॅटिनपासून निघाली. लॅटिनमध्ये 'ते प्रेम करतात' हे 'आमन्त' होते. त्यातले न आणि त दोन्ही उच्चारले जात. बोलण्यात आघात पहिल्या शब्दावयवावर पडे. आघाताखालचा स्वर बळावला, शेवटचा भाग झिजत गेला. जुन्या फ्रेंचमध्ये शेवट अजून ऐकू येत होता. पुढे आधी व्यंजने आणि नंतर उरलासुरला पुसट अ पॅरिसच्या बोलण्यातून गेला. लेखन मात्र मागे राहिले. 1635 साली स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीने 1694 साली आपला पहिला कोश काढला, तेव्हा बहुतांशी जुन्या वळणाचे लेखनच मान्य केले. अशा रीतीने एके काळी खरोखर उच्चारली जाणारी अक्षरे कागदावर टिकली.

'आम्ही' आणि 'तुम्ही' यांच्या रूपांत आघात प्रत्ययावर होता, म्हणून ते प्रत्यय आजही ऐकू येतात. इतकेच नव्हे, तर आघाताच्या या जागाबदलामुळे अंगही दोन प्रकारचे झाले. जुन्या फ्रेंचमध्ये 'मी बोलतो'चे अंग 'पारोल' होते आणि 'आम्ही बोलतो'चे 'पार्ल'. पुढे सगळीकडे 'पार्ल' झाले; 'पारोल' हे नाम तेवढे 'वाणी, शब्द' या अर्थाने उरले. काही क्रियापदांत मात्र ही दुफळी अजून जिवंत आहे. 'येणे' या क्रियापदाचे 'ते'चे रूप 'व्येन', 'आम्ही'चे 'वनों'. विद्यार्थी ज्यांना अनियमित म्हणून घोकतात, त्या अनेक रूपांमागे आघाताचा हा नियम आहे.

कवितेतली तिसरी मोजणी

'त्या नेहमी बोलतात' हे फ्रेंच वाक्य सहज बोलण्यात 'एल्-पार्ल्-तू-झूर' असे चार शब्दावयवांचे. अभिजात फ्रेंच कवितेत हेच ओळीत आले तर 'ए-ल-पार्-ल-तू-झूर' असे सहा मोजतात. कारण व्यंजनापूर्वीचा मुका ई छंदात जिवंत धरला जातो. बारा शब्दावयवांच्या प्रसिद्ध आलेक्साँद्रें छंदाची ही बरोबर अर्धी ओळ झाली. ओळीच्या अगदी शेवटचा मुका ई मात्र मोजत नाहीत. दक्षिण फ्रान्समध्ये, मार्सेय-तुलूझकडे, साध्या बोलण्यातही हा अ पुष्कळदा ऐकू येतो.

आपल्या अभंगाचे असेच आहे. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे मोजताना 'करतो' तीन अक्षरांचाच धरतात आणि गाताना तो अ उच्चारतातही. बोलण्यातून गेलेला स्वर पद्य जपून ठेवते.

वर्गात याचा उपयोग

फ्रेंच शिक्षक शुद्धलेखन घालतात तेव्हा 'इल पार्ल' ऐकून मुलाने कोणता शेवट लिहायचा हे कान सांगू शकत नाही. कर्ता एक की अनेक, हे व्याकरणच सांगते. यंत्राचीही अडचण हीच, फक्त उलट बाजूने. सी-ओ-यू-व्ही-ई-एन-टी ही अक्षरे नाम असतील तर उच्चार 'कू-वाँ', अर्थ मठ. क्रियापद असेल तर 'कूव', अर्थ 'त्या (कोंबड्या) अंडी उबवतात'. लिहिलेले वाचून दाखवणाऱ्या संगणकाला आधी वाक्य उलगडावे लागते, मगच शब्दावयव एक की दोन हे ठरते.

यावरून चुकांचे दोन प्रकार वेगळे करता येतात. आपल्याकडे अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेला विद्यार्थी 'ते बोलतात' हे 'पार्लाँ' असे वाचतो, तेव्हा ती डोळ्यांची चूक असते. त्याला अधिक ऐकवायला हवे. दुसरी-तिसरीतला मुलगा 'कर्तो', 'बोल्तो' असे लिहितो, ती कानाची चूक असते. त्याने ऐकले अगदी बरोबर. लिपीचा संकेत त्याला अजून कळलेला नाही. त्याला 'नीट ऐक' असे सांगितले तर तो गोंधळेल आणि स्वतःच्या कानावरचा त्याचा विश्वास उडेल. 'तू बरोबर ऐकलेस, पण लिहिण्याची रीत अशी आहे' असे सांगून 'कर', 'करणे', 'करतो' ही रूपे फळ्यावर एकाखाली एक मांडली, तर सुटा 'र' का लिहितात हे त्याला दिसेल.

एक छोटा पाठ करून पाहा. फळ्यावर 'करवत', 'घरकाम', 'पत्रकार', 'बोलतात', 'समजते' असे शब्द लिहा. मुलांना आधी अक्षरे मोजायला सांगा, नंतर शब्द सहज बोलत प्रत्येक शब्दावयवाला एक टाळी द्यायला सांगा. दोन आकडे दोन रकान्यांत लिहा. जेथे आकडे जुळणार नाहीत तेथे कोणता स्वर गळाला आणि जेथे गळाला नाही तेथे तो का टिकला, हे मुलांनाच शोधू द्या.